‘घाट झाला तेव्हा आलो’: घराण्याचा आणि रस्त्याचा माग एकत्र कसा काढायचा

आमच्या घरी कुणीही विचारलं की तुमचं मूळ गाव कुठलं, तर उत्तर ठरलेलं असतं. "आम्ही मूळचे वरचे, देशावरचे, घाट झाला तेव्हा खाली आलो." बस. लग्नाच्या बोलणीत हेच, कुणाच्या दहाव्याला घाटावर बसल्यावर हेच, आणि शाळेत मास्तरांनी विचारलं तेव्हा मीही हेच सांगून मोकळा झालो होतो. आमचं गाव खोपोलीच्या बाजूला, म्हणजे घाट म्हटलं की बोरघाटच. त्यामुळे पस्तिशी उलटेपर्यंत मला हा प्रश्नच पडला नाही की अरे, घाट ‘झाला’ म्हणजे नक्की कधी झाला आणि कोणता झाला.

कारण बोरघाट एकदा झालेला नाही, चार-पाच वेळा झालाय. बैलांची आणि माणसांची वाट तर फार जुनी आहे, कार्ले-भाजे लेणी काय उगीच त्या वाटेवर कोरली नाहीत आणि राजमाची किल्ला काय नुसता वारा खायला बांधला नाही. 1804 मध्ये जनरल वेलस्लीने, हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, घाटमाथ्यापासून पनवेलपर्यंत रस्ता करून घेतला. मग 10 नोव्हेंबर 1830 ला गव्हर्नर सर जॉन माल्कमने गाड्या जातील असा पक्का रस्ता खुला केला. मग 1856 ते 1863 रेल्वेचा घाट. आणि आमच्या डोळ्यासमोर एक्सप्रेसवे. आता सांगा, पणजोबा यातल्या कोणत्या घाटाच्या वेळेला उतरले? एका वाक्यात साठ वर्षांचं अंतर लपलंय!

हा शोध मी चार वर्षं रखडत रखडत केला, बऱ्याच चुका केल्या. तुमच्याही घरात असं एखादं वाक्य असेल, ‘कुंभार्ली उतरून आलो’, ‘साहेबाने सडक काढली तेव्हा जमीन मिळाली’, ‘दुष्काळात खडी फोडायला आले ते इथलेच झाले’. तर ते वाक्य घेऊन पुढे कसं जायचं ते क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, मी उलटा क्रम केला म्हणून दोन वर्षं वाया गेली.

आधी वाक्य पकडा, कागद नंतर

सगळेजण पहिल्यांदा तहसील कचेरीत धावतात. नका धावू. कचेरी कुठे पळत नाही, म्हातारी माणसं मात्र जातात. आमच्या घरातले ज्यांना सगळ्यात जास्त माहीत होतं ते आजोबांचे चुलतभाऊ, त्यांच्याकडे जायचं जायचं म्हणता म्हणता त्यांच्या तेराव्यालाच गेलो.

मोबाईल रेकॉर्डरवर लावा, सांगून लावा, आणि शक्यतो एकेकाला वेगवेगळं गाठा. सगळे एकत्र बसले की घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस बोलतो आणि बाकीचे ‘हो हो’ करतात. शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. ‘घाट झाला’, ‘घाट फोडला’, ‘घाट लागला’, ‘घाट उघडला’ हे चार वेगळे शब्द आहेत बरं का, आणि नंतर त्यांचाच उपयोग होतो. आमच्या एका आजीने ‘फोडला’ म्हटलं होतं, मी वहीत ‘बांधला’ लिहिलं, आणि सुरुंग लावून फोडण्याचं काम मोठ्या प्रमाणावर कुठल्या घाटात झालं हा धागा मला खूप उशिरा दिसला.

साल विचारू नका, कुणालाच आठवत नाही. खुणा विचारा. तेव्हा रस्ता डांबरी होता की खडीचा? एसटी कुठपर्यंत यायची? (एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर धावली, म्हणजे त्याच्या आधीचं की नंतरचं ते लगेच कळतं.) पानशेत फुटलं ते 1961, कोयनेचा भूकंप डिसेंबर 1967, दुष्काळ बहात्तरचा, त्याच्या मागे गेलात तर 1918 ची तापाची साथ आणि त्याही मागे 1896 नंतरचा प्लेग, जेव्हा लोक गावं सोडून रानात झोपड्या बांधून राहिले. ‘तुमच्या आजीचं लग्न प्लेगाच्या आधी की नंतर’ या प्रश्नाला उत्तर मिळतं, ‘कोणत्या साली’ला मिळत नाही.

आणि बायकांना विचारा, अगदी आवर्जून. वंशावळीत बायकांची नावं नसतात पण गोष्टी त्यांच्याकडेच असतात, कारण माहेर सोडून रस्त्याने चालत आलेली माणसं त्याच. प्रत्येकीचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव दोन्ही लिहा, नाहीतर पुढे एकच बाई दोन बायका होऊन बसते. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही रेकॉर्ड करा, त्यात घाट, नाके, भावाची गाडी कुठल्या वाटेने येते ते सगळं असतं.

माझी एक आत्या वर करमाळ्याकडे दिलेली. तिला मी घाटाबद्दल विचारायला गेलो आणि ती बोलत बसली बहात्तरच्या दुष्काळाबद्दल. मला आधी कंटाळा आला, खरं सांगतो. मग ती म्हणाली की आमच्या गावाला जी सडक येते ना ती मी फोडलेल्या खडीवर आहे. दिवसभर दगड फोडायचे, संध्याकाळी पेटीने मोजून ब्रास, म्हणजे शंभर घनफुटांचा ढीग, लावायचा, मुकादम पेटी जरा हलवून भरायला लावायचा म्हणजे खडी बसायची आणि माप कमी भरायचं, मग पुन्हा दोन पाट्या टाका. मजुरीबरोबर सुकडी मिळायची, घरात लाल मिलोची भाकरी. बोलता बोलता तिने डावा तळवा समोर धरला. अंगठ्याच्या बुडाशी एक पांढरा व्रण, दगडाची कपची उडून बसलेला, पन्नास वर्षांत गेला नाही. रस्ता बांधणारे पूर्वज म्हणून मी दीडशे वर्षं मागे शोधत होतो आणि एक इथे माझ्यासाठी चहा टाकत होती.

पिढ्या मोजा, हे फुकट आहे

कागद बघायच्या आधी साधा हिशोब करा. एका पिढीला साधारण पंचवीस ते तीस वर्षं धरा. तुम्ही, वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असं मागे जात जन्मसाल अंदाजे टाकत जा. माझं असं झालं: वडील 1955 चे, आजोबा 1925 च्या आसपासचे, पणजोबा 1897-98, खापरपणजोबा 1870 च्या आगेमागे, आणि त्यांचे वडील, ज्यांना घरात नुसतं ‘मूळपुरुष’ म्हणतात, ते 1840 च्या आसपास जन्मले असावेत. म्हणजे 1830 ला रस्ता झाला तेव्हा हे गृहस्थ जन्मलेलेच नव्हते! रेल्वेच्या वेळी मात्र वीस वर्षांचे, कामाला जायच्या वयाचे.

हा पुरावा नाही, मला माहीत आहे, एखादी पिढी विसरली गेलेली असू शकते आणि ती हमखास विसरली जाते, विशेषतः एकाच नावाचे आजा-नातू असले की दोघांचा एक होतो. पण कुठल्या दशकात शोधायचं ते तरी कळतं.

रस्त्याची कुंडली काढा

घराण्याची कुंडली सगळे काढतात, रस्त्याची कुणी काढत नाही, आणि माझं म्हणणं असं की रस्त्याची जास्त सोपी असते. माणसाचा जन्म कुठे नोंदला नसेल पण सडकेवर सरकारने पैसे खर्च केले की ते कुठेतरी लिहिलेलं असतंच.

पहिलं ठिकाण म्हणजे जुनी जिल्हा गॅझेटिअर्स. मुंबई इलाख्याची मालिका जेम्स कॅम्बेलने संपादित केली, रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड 1880 चा, ठाणे 1882, कुलाबा 1883, पुणे आणि सातारा 1885. इंग्रजीत आहेत पण स्कॅन फुकट मिळतात. त्यात तुमच्या गावाचं नाव शोधत बसू नका, लहान गाव असेल तर सापडणार नाही आणि स्पेलिंग असं असतं की तुम्हीच ओळखणार नाही. सरळ व्यापाराचं प्रकरण उघडा. तिथे सुरुवातीलाच रस्ते, घाट, टोलनाके, फेरी, धर्मशाळा, कुठल्या वाटेने बैल जातात, कुठल्या वाटेने गाड्या, काय माल वर जातो आणि काय खाली येतो हे सगळं असतं. मग शेतीच्या प्रकरणात दुष्काळाची वर्षं बघा, 1876-78 चा मोठा दुष्काळ, आणि हे खंड छापून झाल्यावरचे 1896-97 आणि 1899-1900 चे दुसरीकडे शोधा, कारण दुष्काळी कामं म्हणून निघालेल्या सडका, तळी, बंधारे कितीतरी आहेत आणि तिकडे गेलेली कुटुंबं काम संपल्यावर परत गेलीच असं नाही.

बोरघाटाच्या रेल्वेचे आकडे बघितले तेव्हा मी गार पडलो. 25 बोगदे, आणि 1861 मध्ये कामाचा जोर होता तेव्हा बेचाळीस हजारापर्यंत माणसं त्या डोंगरावर. बेचाळीस हजार! त्या काळात ते एक शहरच की. कॉन्ट्रॅक्टर सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये आला आणि काही आठवड्यांतच वारला, मग त्याची बायको ॲलिस हिने ते कंत्राट पूर्ण करून घेतलं. त्याच वर्षी जानेवारीत, ट्रेडवेल यायच्या आधी, पगार थकला म्हणून मजुरांनी दंगाही केला होता. आता एवढी माणसं कुठून आली असतील, वरून देशावरूनच ना बरीचशी, आणि काम संपल्यावर त्यातली काही टक्के जरी पायथ्याला राहिली असतील तरी खालापूर-कर्जत पट्ट्यातल्या अनेक घरांची ‘घाट झाला तेव्हा आलो’ ही गोष्ट त्यातून येऊ शकते. पण या सगळ्या लिखाणात साहेबांची नावं आहेत, इंजिनिअर बर्कलेचं आहे, ट्रेडवेल बाईंचं आहे. घमेलं उचलणाऱ्याचं नाही. हे आधीच ध्यानात ठेवा, नाहीतर निराश व्हाल.

पुढची पायरी हवी असेल तर मुंबईचं पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, तिथे सार्वजनिक बांधकाम खात्याचे जुने खंड आहेत. आणि पेशवाईपर्यंत जायचं असेल तर पुण्याचं, जिथे पेशवे दप्तर आहे. कोल्हापूर संस्थानातल्या लोकांनी कोल्हापूरचं बघा.

जमिनीचे कागद, आणि रेकॉर्ड रूमचा धीर

आता जा तहसीलला. काय मागायचं ते नीट माहीत असलं पाहिजे, ‘आमची जुनी माहिती द्या’ म्हटलं की क्लार्क वर बघतसुद्धा नाही.

आजच्या सातबारापासून सुरू करा, त्यावरचा फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) नंबर घ्या, तो फेरफार काढा, त्यात आधीच्या माणसाचं नाव आणि वारस कसे लागले ते मिळेल, त्यावरून त्याच्या आधीचा फेरफार, असं मागे मागे जायचं, शिडी उतरल्यासारखं. जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन सरकारच्या ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर आलेत, सगळ्या गावांचे नाहीत, पण आधी तिथे बघा म्हणजे हेलपाटा वाचेल. त्याच्या आधीचं कडईपत्रक मागा. जन्म-मृत्यूची जुनी नोंद गाव नमुना नंबर 14 मध्ये, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. इनामाचं काही घरात बोललं जात असेल तर गाव नमुना 3. मोजणीची जुनी टिपणं, गुणाकार बुक, आकारफोड वगैरे भूमी अभिलेख कार्यालयात असतात, तहसीलला नाही, हे मला तीन खेपांनंतर कळलं. मराठवाड्यातल्यांनी 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक मागावं, आणि विदर्भातल्यांचं नशीब चांगलं, त्यांच्याकडे वाजिब उल अर्ज असतो ज्यात गावातल्या वाटा, पाणवठे, कुणाचा कुठून जायचा हक्क हे रूढीप्रमाणे लिहिलेलं असतं.

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदी शोधायला सगळ्या महाराष्ट्रात जुनी दप्तरं बाहेर काढली गेली, मोडी वाचणारे बसवले गेले, आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या वेबसाइटवर ते कागद गाववार टाकलेत. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, पूर्वज शोधणाऱ्याला ही लॉटरी आहे, तुमच्या जातीचा तिथे संबंध असो नसो, त्याच पानावर खाली तुमच्या आजोबांच्या आजोबांचं नाव असू शकतं.

एका कचेरीत मला सांगण्यात आलं की ते रजिस्टर पुरात गेलं. मी निमूट परत आलो. वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी गेलेल्या चुलतभावाला तेच रजिस्टर तिथल्याच कपाटावर दिसलं, वर चहाचे कप ठेवलेले. त्यामुळे ‘नाही’ हे उत्तर लेखी मागा. अर्ज करा, कोर्ट फी तिकीट लावा, पोच घ्या. लेखी ‘नाही’ म्हणायची वेळ आली की बरीच रजिस्टरं पुरातून परत येतात.

वह्या: पंडे, भाट आणि हेळवी

त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या ही आपल्याकडची खरी वंशावळ. तुमच्या गावचे उपाध्ये कोण ते गावातल्या जुन्या घरात विचारा, तिथे जाऊन गाव, आडनाव सांगा, मग ते लाल बासनातून वही काढतात. पूर्वज कधी आला, कुणाबरोबर आला, मुलांची, भावांची, कधी कधी बायकोचीही नावं, खाली सही किंवा निशाणी. आपल्याला सगळ्यात उपयोगी काय, तर ‘हल्ली मुक्काम’ आणि ‘मूळ राहणार’ अशा दोन वेगळ्या जागा लिहिलेल्या असतात. स्थलांतराचा याच्यापेक्षा स्वच्छ पुरावा नाही. आमची नोंद सापडली ती रेल्वे सुरू झाल्यानंतर चार-पाच वर्षांची, मुक्काम खालचा, मूळ वरचं. त्याच वहीत त्याच घराण्याची आधीची नोंद होती आणि तिथे फक्त वरचंच गाव. मी तिथे ओट्यावर बसून राहिलो थोडा वेळ. जाताना दक्षिणा मोकळ्या हाताने द्या आणि तुमच्या आजच्या पिढीची नावंही घालून या, मुलींची आणि सुनांचीसुद्धा, सांगितलं तर लिहितात.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव पट्ट्यात हेळवी येतात, बैल घेऊन, दारात उभं राहून कुळाची नावं म्हणतात. पूर्वी सगळं तोंडपाठ आणि वहीत. आलेच तर ‘पुढे जा’ म्हणू नका, बसवा आणि रेकॉर्ड करा. खानदेशात भाटांच्या वह्या असतात. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज कुणी वाचत असतील तर तुमच्यासाठी तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधली गिरमिटांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, रजिस्टरं आहेत, जहाज आणि मूळ गावाच्या नोंदीसकट, आमच्यापेक्षा तुमचं काम सोपं.

मोडी आणि सालांचा गोंधळ

जुना कागद हाती आला की तो बहुधा मोडीत असणार. शिकायला हरकत नाही, ठिकठिकाणी दहा-पंधरा दिवसांचे वर्ग भरतात, अक्षरं कळतात, पण घाईघाईत खरडलेलं वाचायला वर्षं जातात. सुरुवातीला जाणकाराकडून वाचून घ्या. मात्र तारखा स्वतः तपासा, इथे मी फसलोय.

शके असेल तर 78 मिळवा, पौष-माघ-फाल्गुनातली, म्हणजे जानेवारी ते पाडव्यादरम्यानची तारीख असेल तर 79. फसली असेल तर 590. सुहूर किंवा अरबी सन असेल तर 599, आणि जानेवारी ते मे मधलं असेल तर शेवटच्या दोन्हींत एक जास्त, कारण ही सालं मृगाला बदलतात. सुहूर सन आकड्यात नाही, अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सलासीन मयातैन व अलफ’ असं दिसलं की घाबरायचं नाही, एक, तीस, दोनशे आणि हजार, झाले 1231, त्यात 599 मिळवले की 1830. म्हणजे माल्कमने घाट उघडला तेच साल. तेच शके 1752 आणि फसली 1240.

आमच्या एका कागदावरचं सुहूर साल वाचणाऱ्याने फसली समजून आकडा काढून दिला आणि सगळं नऊ वर्षं मागे गेलं. त्या नऊ वर्षांनी बाप जन्मायच्या आधी मुलगा वतनावर बसलेला दिसत होता आणि मी महिनाभर ‘दत्तक असेल का’ असा विचार करत राहिलो.

शब्दांकडेही लक्ष द्या. मिरासदार म्हणजे जमिनीचा वंशपरंपरेचा हक्क असलेला, उपरी म्हणजे बाहेरून आलेला. कौल दिसला तर आनंद करा, ओसाड जमीन लागवडीला आणायला नवीन माणसाला बोलावून दिलेलं अभयपत्र ते, आणि बरोबर इस्तावा असेल तर दरवर्षी चढत जाणारा सवलतीचा सारा. वसाहत झाली त्याचा तो जन्मदाखलाच.

आता चाला

भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची प्रत घ्या. तुटक दुहेरी रेघ असते ती गाडीवाट, तुटक एकेरी ती पायवाट. तो कागद हातात घेऊन, उन्हाळ्यात, गवत वाळलेलं असताना चालत जा, बरोबर गावातला गुराखी किंवा धनगर घ्या, इतिहासकार नको. बघायचं काय? झिजलेल्या पायऱ्या, दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं, पडकी धर्मशाळा, जकातीची चौकी, जुना मैलाचा दगड (कितीतरी दगड आता कुणाच्या तरी दारात कपडे धुवायला आहेत), वीरगळ (लढून पडलेल्याच्या आठवणीचा दगड), गद्धेगाळ (शापवाणी कोरलेला दगड), शिवेवरचा म्हसोबा. खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आहे, ते घाट चढायच्या आधी माणसाने आणि बैलाने दम खायच्या जागेलाच आहे. पाणी कुठे बांधलंय ते बघितलं की वाट कुठून जायची ते आपोआप कळतं.

शेतांची नावं विचारा. सर्व्हे नंबर सरकारचे, नावं लोकांची. ‘नाक्याची पट्टी’, ‘लमाणतळ’, ‘चौकीचं शेत’, ‘सुरुंगाचा माळ’ असलं काही निघालं की तिथे काहीतरी होतं.

आणि गावात आधी कोण आलं हे शोधायला कागदापेक्षा चांगली जागा म्हणजे होळी. पहिला नारळ कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, गावदेवाला कौल कोण लावतो, मानाचा क्रम काय. हा क्रम फार हळू बदलतो आणि त्यावरून भांडणं होतात म्हणजे लोकांना तो पक्का माहीत असतो. तळकोकणातल्या गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देव-मानाच्या रीतीत, तर ‘पूर्वस’ म्हणून गाव वसवणाऱ्याचं ठिकाणच असतं, बारा-पाचाचे मानकरी ठरलेले. आमच्या घराण्याला आमच्या गावात होळीचा मान सहावा आहे. सहावा! आमच्याच वाड्यातले लोक ‘आम्हीच गाव वसवलं’ म्हणतात ते मी तिथेच सोडून दिलं.

दंतकथेचं काय करायचं

आमच्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. येता-जाता ड्रायव्हर नाणं टाकतात, बसमधून हात जोडतात. गोष्ट अशी की साहेबांना डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा धनगराने आपली गुरं-मेंढरं जायची वाट दाखवली, त्यावरून मार्ग आखला. साहेब म्हणाला बक्षीस काय पाहिजे, तर हा म्हणाला आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या, आणि साहेबाने गोळी घातली. कुणी सांगतं हे रस्त्याच्या वेळचं, कुणी सांगतं रेल्वेच्या.

असल्या गोष्टीला दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतो अक्षर अन् अक्षर खरं, दुसरा म्हणतो थापा. मी गोष्टीचे थर सोलतो. वाट दाखवली हा थर मला अगदी पटण्यासारखा वाटतो, त्या कड्यांमध्ये रोज फिरणारा धनगर सोडून वाट माहीत कुणाला असणार, आणि दाखवणाऱ्याचं नाव साहेबाने लिहिलं नाही यात नवल काय, बेचाळीस हजारांपैकी कुणाचं लिहिलंय? बक्षिसात स्वातंत्र्य मागितलं हा थर मात्र नंतर चढलेला वाटतो, स्वातंत्र्याच्या चळवळीच्या काळातली भाषा आहे ती. पण म्हणून खोडायची नाही. कुणी, केव्हा, कोणत्या शब्दांत सांगितली ते खाली लिहून ठेवायचं, रूपं तीन असतील तर तिन्ही.

जुन्नरजवळच्या नाणेघाटाचंही तसंच. नाना आणि गुणा दोघे भाऊ, दोघांनी पैज लावून घाट फोडायला घेतला, नानाचा पुरा झाला, गुणाचा राहिला, म्हणून वरच्या सुळक्याला नानाचा अंगठा म्हणतात. आता त्याच घाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या नागणिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, आणि वर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. तरी गावातल्या माणसाला राणी आठवत नाही, दगड फोडणारे दोन भाऊ आठवतात. मला हे फार आवडतं.

मांडणी

सगळं जमलं की एक साधी वही करा किंवा एक्सेल. एका रकान्यात घरातलं म्हणणं शब्दशः, दुसऱ्यात कागद काय म्हणतो आणि तो कुठल्या कचेरीत कुठल्या नंबरला आहे, तिसऱ्यात तुमचा अंदाज. तिसरा रकाना पेन्सिलने. हे तिन्ही एकमेकांत मिसळले की दहा वर्षांनी तुमचा अंदाजच घराण्याचा इतिहास होतो. फोटो काढताना कागदाशेजारी पट्टी ठेवा, मागची बाजूही काढा. जिवंत माणसांचे तपशील फॅमिली ग्रुपवर टाकू नका, आणि जमिनीचे कागद तर अजिबात नको, आमच्याकडे एका जुन्या फेरफाराच्या फोटोवरून दोन चुलत घरांत बोलणं बंद झालं ते अजून बंद आहे.

आमचं काय निघालं ते सांगतो. पिढ्यांचा हिशोब, वहीतली नोंद, आजीचा ‘फोडला’ शब्द, तिन्ही रेल्वेच्या घाटाकडे बोट दाखवतात. मी हे गणपतीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. थोरल्या काकांनी शांतपणे ऐकलं, सुपारी कातरली, आणि म्हणाले, "रस्त्याचा घाट असला तर आपण गाडीवान, मालक. रेल्वेचा असला तर पाटी उचलणारे. तू काय ते ठरव, पण माझ्या नावापुढे गाडीवान लिही."

तर वहीत पहिल्या रकान्यात ‘गाडीवान’ आहे, काकांच्या नावानिशी, तारखेसकट. पेन्सिलच्या रकान्यात ‘पाटी’.